पामची वही आणि पाळण्यावरचं बटण

घरी रतिबाचं दूध येत असेल तर सिंक म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायची गरज नाही. दूधवाला आला नाही, किंवा आपणच गावाला गेलो, की आई कालनिर्णयवर त्या तारखेला फुली मारते. तिकडे दूधवाल्याच्या वहीत खाडा पडतो. महिनाअखेर दोघं दारात उभे राहतात आणि सुरू होतं.. "काकू, १४ तारखेला दिलं होतं की." "छे हो, १४ ला आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो." एकाच गोष्टीच्या दोन नोंदी, दोन माणसांनी, एकमेकांना न विचारता ठेवलेल्या. आता त्यांचा मेळ घालायचा. बरं, दोघंही प्रामाणिक आहेत, हे महत्त्वाचं!

कॉम्प्युटरवरच्या नोट्स आणि कामांच्या याद्या खिशातल्या यंत्रात नेणं म्हणजे नेमका हाच उद्योग. ऐकायला किरकोळ वाटतो. माझ्या धंद्यातले लोकही तो किरकोळ समजतात आणि मग दोन महिने त्यात अडकतात. या शनिवार-रविवारी त्याच उद्योगाचा इतिहास लिहायला घेतलाय. सगळा नाही, मुख्यतः पामचा. कारण माझ्या मते हे काम सामान्य माणसाला झेपेल असं पहिल्यांदा पामने करून दाखवलं, आणि त्यांनी त्यात घेतलेले काही निर्णय आज तीसेक वर्षांनीही शिकण्यासारखे आहेत.

पामच्या आधी खिशातली यंत्रं नव्हती असं नाही. इंग्लंडच्या सायन कंपनीचा ऑर्गनायझर १९८४ सालचा. शार्पचा विझार्ड, एचपीचा ९५एलएक्स, कॅसिओच्या डिजिटल डायऱ्या.. आखातातून सुट्टीवर आलेल्या एखाद्या काकांच्या शर्टाच्या खिशात ती कॅसिओची डायरी असायचीच. चाळीस फोन नंबर, पाच-सहा वाढदिवस, आणि पासवर्ड टाकून लपवलेलं काहीतरी. पण या डायऱ्या म्हणजे बेटं होती. आत गेलेलं बाहेर येत नसे. काही यंत्रांना पीसीशी जोडायची केबल आणि सॉफ्टवेअर मिळायचं, पण वेगळं, वेगळ्या पैशात, आणि ते घेऊन बसवणारा माणूस हौशीच असायचा. ॲपलचा न्यूटन ऑगस्ट १९९३ मध्ये आला तेव्हाही हीच कथा. ६९९ डॉलरचं यंत्र, आणि कॉम्प्युटरला जोडायचं 'कनेक्शन किट' वेगळं विकत घ्यायचं. न्यूटनची चेष्टा झाली ती हस्ताक्षर ओळखण्यावरून. गॅरी ट्रूडोने आपल्या डून्सबरी या व्यंगचित्रमालिकेत आठवडाभर त्याची यथेच्छ टर उडवली. पण ते किट वेगळं ठेवणं ही माझ्या मते त्याहून मोठी चूक होती. अक्षर नाही ओळखलं तर माणूस वैतागतो. पण आपलं टिपण फक्त या एका डबीत आहे आणि ती पडली-फुटली तर सगळं गेलं, हे कळल्यावर तो त्यात महत्त्वाचं काही लिहीतच नाही.

जेफ हॉकिन्सने पाम कॉम्प्युटिंग काढली १९९२ मध्ये. त्याआधी ग्रिड सिस्टिम्समध्ये त्याने ग्रिडपॅड हा पेनाने चालणारा कॉम्प्युटर केला होता (१९८९). डोना डुबिन्स्की सीईओ म्हणून आली, मार्केटिंगला एड कॉलिगन. पहिला प्रयोग झूमर: बनवणार कॅसिओ, विकणार टँडी, आतली ॲप्लिकेशन्स पामची. १९९३ मध्ये बाजारात आला आणि सपशेल आपटला. जड, हळू, महाग.

आपटल्यानंतर त्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. ज्या थोड्या लोकांनी झूमर घेतला होता त्यांना विचारलं की बाबांनो, तुम्ही याचं करता तरी काय? त्यातून जे कळलं ते असं की लोकांना हा छोटा कॉम्प्युटर नकोच होता. कॉम्प्युटर त्यांच्या टेबलावर होताच. त्यांना त्या कॉम्प्युटरची खिशात मावणारी फांदी हवी होती. आणि या यंत्राची स्पर्धा दुसऱ्या कुठल्या यंत्राशी नव्हती. स्पर्धा होती कागदाशी, खिशातल्या वहीशी.

मग हॉकिन्सने लाकडाचा एक ठोकळा शर्टाच्या खिशात बसेल इतका कापला, चॉपस्टिकचा पेन केला, आणि तो खिशात घालून हिंडायला लागला. मीटिंगमध्ये कुणी विचारलं, "बुधवारी वेळ आहे का?" की हा ठोकळा काढून त्यावर टिचक्या मारणार. लोकांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक :) पण किती टिचक्यांत काय दिसायला हवं, कुठली बटणं खरंच लागतात, हे त्याला त्या ठोकळ्यावरून कळलं. तो ठोकळा आता कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवलाय.

ठरवलेल्या अटी मोजक्या होत्या. शर्टाच्या खिशात मावलं पाहिजे. किंमत २९९ डॉलरच्या आसपास. चटकन उघडून चटकन काम. आणि पीसीशी सिंक आत, खोक्यातच, फुकट.

पैसे संपत आले होते. १९९५ मध्ये मोडेम बनवणाऱ्या यू.एस. रोबोटिक्सने पाम ४४ मिलियन डॉलरला विकत घेतली आणि १९९६ च्या वसंतात पायलट १००० आणि पायलट ५००० बाजारात आले. पहिल्यात १२८ केबी मेमरी, दुसऱ्यात ५१२ केबी. केबी बरं का, एमबी नाही! १६ मेगाहर्ट्झचा मोटोरोलाचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, १६० बाय १६० ठिपक्यांचा काळा-करडा पडदा, आणि दोन ट्रिपल-ए सेल, जे आठवडेच्या आठवडे चालायचे. सुमारे १८ महिन्यांत दहा लाख यंत्रं विकली गेली. पुढे पायलट पेन कंपनीने नावावरून कोर्टात खेचलं म्हणून 'पायलट' जाऊन नुसतं 'पाम' राहिलं. ग्राफिटी लिपीवरून झेरॉक्सशी जो खटला चालला तो तर २००६ पर्यंत पुरला. पण तो वेगळाच विषय आहे, कधीतरी त्यावर लिहीन.

तर मंडळी, खोक्यात यंत्राबरोबर एक स्टँड यायचा. इंग्रजीत क्रेडल, म्हणजे चक्क पाळणा. त्याची वायर पीसीच्या सीरियल पोर्टात. पाळण्यावर एकच बटण. यंत्र पाळण्यात ठेवा, बटण दाबा. टुण्-टुण्-टुण् असा आवाज, पडद्यावर दोन बाण एकमेकांभोवती, आणि थोड्या वेळाने झालं! सकाळी मीटिंगमध्ये खरडलेलं कॉम्प्युटरवर, कॉम्प्युटरवर टाइप केलेली कामांची यादी खिशात. याचं नाव हॉटसिंक.

एक बटण. त्या काळी प्रिंटर जोडायचा तरी आयआरक्यू नावाच्या भुताशी भांडावं लागायचं, त्या काळी हे.

आता त्या बटणाच्या आत काय चालायचं ते सांगतो. गोष्ट तांत्रिक आहे पण दूधवाला मदतीला आहे, घाबरू नका.

पामवर फायली नव्हत्या. होते छोटे डेटाबेस. टिपणांचा एक, कामांचा एक, पत्त्यांचा एक, तारखांचा एक. प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर फक्त ८ बाइटचा टिळा. त्यातले ४ बाइट नोंद मेमरीत कुठे आहे ते सांगायला, ३ बाइट नोंदीचा क्रमांक, आणि उरलेला १ बाइट म्हणजे पामच्या सिंकचं सगळं तत्त्वज्ञान. या बाइटच्या अर्ध्या भागात नोंद कुठल्या कप्प्यातली ते लिहिलेलं (म्हणून पामवर जास्तीत जास्त १६ कॅटेगरी, कुणाच्या लहरीने नव्हे). उरलेल्या अर्ध्यात चार खुणा: ही नोंद खाजगी आहे, ही सध्या वापरात आहे, ही बदललेली आहे, ही खोडलेली आहे.

बदललेली असल्याची खूण, जिला डर्टी बिट म्हणतात, ती समजायला सोपी. गेल्या हिशेबानंतर जिथे काही फिरवलं तिथे पेन्सिलीने बारीक टिंब. पुढच्या वेळी फक्त टिंबवाल्या तारखा बघायच्या, मेळ जुळला की टिंबं पुसून टाकायची. सगळा महिना वाचायला नको. सीरियल केबलचा वेग बघता हे फार गरजेचं होतं. याला फास्ट सिंक म्हणत.

पण आता बघा हं. समजा तुमचा एक पीसी ऑफिसात आणि एक घरी. ऑफिसच्या पाळण्यात ठेवून बटण दाबलंत. मेळ झाला, टिंबं पुसली गेली. संध्याकाळी घरच्या पाळण्यात ठेवलंत. घरच्या पीसीला एकही टिंब दिसत नाही. त्याने जर विश्वास ठेवला की काहीच बदललेलं नाही, तर सकाळचं सगळं त्याच्या नजरेतून निसटणार. म्हणून यंत्र लक्षात ठेवायचं की आपण शेवटचे कुठल्या पीसीला भेटलो. तो हाच असेल तर टिंबांवर भरवसा. दुसरा असेल तर भरवसा नाही. मागच्या वेळी या पीसीने जपून ठेवलेली प्रत काढायची आणि एकूण एक नोंद तिच्याशी ताडून बघायची. याचं नाव स्लो सिंक. वेळ लागायचा, पण काही निसटायचं नाही. टिंबं खोटी बोलू शकतात हे ओळखून ती कधी मानायची नाहीत याचा नियम कुणीतरी बसून ठरवला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

खोडण्याची खूण त्याहून मजेदार. कालनिर्णयवरची एक फुली आईने खोडरबराने पुसली. दूधवाल्याच्या वहीत मात्र खाडा आहे. आता नुसतं कॅलेंडर बघून कळेल का, की फुली कधी मारलीच नव्हती की मारून पुसली? नाही कळणार. कागद कोराच दिसणार. 'नसणं' काहीच सांगत नाही. म्हणून पामवर नोंद खोडली की तिचा मजकूर जायचा, पण माथ्यावरचा टिळा तसाच राहायचा, 'मी खोडलेली आहे' असं सांगत, पुढच्या सिंकपर्यंत. पीसीने ते वाचून आपल्याकडची नोंद काढली की मग टिळाही पुसला जायचा. या धंद्यात अशा उरलेल्या टिळ्याला 'टूमस्टोन' म्हणजे थडग्यावरचा दगड म्हणतात. वर खोडताना पाम विचारायचा, पीसीवर संग्रहात एक प्रत ठेवू का? आणि त्या चौकोनात खूण आधीच केलेली असायची. नको असेल तर तुम्ही काढा.

नोंदीला क्रमांक द्यायचा अधिकार फक्त पामकडे. पीसीवर नवीन काम टाइप केलं तरी ते पामवर जाऊन तिथून क्रमांक घेऊन यायचं. थोडक्यात बारसं पाळण्यातच! दोघांनीही क्रमांक वाटायला सुरुवात केली असती तर एकाच नंबरची दोन बाळं झाली असती.

आता मुख्य गोष्ट. एकच नोंद दोन्हीकडे बदलली तर? कामांच्या यादीत 'विम्याचा हप्ता' आहे. ऑफिसच्या पीसीवर तुम्ही त्याला 'विम्याचा हप्ता, चेक नेणे' केलंत, आणि गाडीत बसल्या बसल्या पामवर 'विम्याचा हप्ता, शुक्रवारच्या आत'. कुठलं खरं?

आज बहुतेक प्रोग्रामर पटकन उत्तर देतील: जे नंतर लिहिलं ते ठेवा. पामने हे केलं नाही. गंमत म्हणजे करूच शकत नव्हते, कारण त्या ८ बाइटमध्ये वेळेला जागाच नव्हती. नोंद कधी बदलली हे पाम लिहूनच ठेवत नसे, फक्त बदलली एवढंच. आणि लिहिलं असतं तरी काय उपयोग? सेल पूर्ण संपले की यंत्राचं घड्याळही जायचं, पीसीचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असायचं, अमेरिकेला जाऊन आलेल्याने एकाचं बदललेलं आणि दुसऱ्याचं राहिलेलं. दोन यंत्रांच्या घड्याळांवरून 'आधी' आणि 'नंतर' ठरवू नये हे लेस्ली लॅमपोर्टने १९७८ च्या निबंधात सांगून ठेवलं होतंच.

मग पाम काय करायचं? दोन्ही ठेवायचं. दोन्हीकडे दोन्ही नोंदी दिसायच्या आणि हॉटसिंकच्या लॉगमध्ये तसं लिहून यायचं. बघा आणि काय ते तुम्ही ठरवा. आणि एकीकडे बदललेली, दुसरीकडे खोडलेली असेल तर? बदललेली जिंकणार, खोडलेली परत जिवंत होणार.

याला तेव्हा लोकांनी शिव्याही घातल्या. "परत डुप्लिकेट आले!" ही तक्रार पाम वापरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी केलेली असेल. पण जरा विचार करा. जास्तीची नोंद दिसते. ती तुम्ही दहा सेकंदांत उडवू शकता. गेलेली नोंद दिसत नाही. ती गेली हेसुद्धा दिसत नाही. तुम्हाला ते कळतं तेव्हा शुक्रवार उलटून गेलेला असतो. दोन चुकांपैकी कुठली चूक करायची हे पामने ठरवलं, आणि बरोबर ठरवलं असं मला वाटतं. माणूस यंत्रावर विश्वास टाकतो तो अशाच निर्णयांमुळे, भले त्याला त्यातलं काहीही माहीत नसो.

अर्थात पायावर धोंडा पाडून घ्यायची सोयही दिलेली होतीच. हॉटसिंकच्या सेटिंगमध्ये प्रत्येक डेटाबेससाठी चार पर्याय: मेळ घाला, पीसीचं पामवर लादा, पामचं पीसीवर लादा, काहीच करू नका. नवा पाम रिकामा असताना तिसरा पर्याय निवडून बटण दाबलं की पीसीवरची वही रिकामी. अशी माणसं मी पाहिलीत. त्यांच्याशी त्या दिवशी कुणी बोलत नसे.

आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे, पामची सगळी मेमरी विजेवर टिकणारी होती. सेल संपून राहिले की सगळं साफ. दुसऱ्या कुठल्याही यंत्रात हा जीवघेणा दोष ठरला असता. इथे नवे सेल घातले, पाळण्यात ठेवलं, बटण दाबलं, की पीसीवरून सगळं परत. ही दुसरी वही कुठे होती? तुमच्याच पीसीच्या डिस्कवर, मेमोपॅड.डॅट, टूडू.डॅट अशा नावांच्या चार फायलींमध्ये. ती कॉपी करून सीडीवर टाका, दुसऱ्या मशीनवर न्या, कुणाची परवानगी नको. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*

भानगडी सुरू झाल्या त्या आउटलुकमुळे. पामचं स्वतःचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर साधं आणि गोड होतं, पण कंपन्यांमध्ये सगळे आउटलुक वापरणार. मग मधे दुभाष्या आला. या दुभाष्यांना कॉन्ड्युइट म्हणत. चापुरा कंपनीचं पॉकेटमिरर, प्युमाचं इंटेलिसिंक. त्यांचं काम बघून मला दया येते. पामच्या कामाला अग्रक्रम १ ते ५. आउटलुकमध्ये तीनच: उच्च, मध्यम, कमी. पाचातून तीन केले, मग तीनातून परत पाच कसे करणार? पामवर एका कामाला एकच कॅटेगरी, आउटलुकमध्ये हव्या तितक्या. सुरुवातीच्या पामवर दर महिन्याला परत येणारं काम ही कल्पनाच नव्हती. टिपणाला ४ केबीची मर्यादा. आउटलुकमधली लांबलचक नोट पामवर कापून यायची. ती कापलेलीच परत जाऊन मूळ नोटेच्या जागी बसली तर? दोन वह्यांची भाषाच वेगळी असेल तर नुसत्या खुणा आणि टिळे पुरत नाहीत.

भाषेवरून आठवलं. आपल्याकडे, म्हणजे पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांकडे, पाम आला तो बहुतेक ऑनसाइटहून परतणाऱ्यांच्या बॅगेतून. आणि त्यात मराठी? विसरा. पामची अक्षरं एका बाइटची, पश्चिम युरोपापुरती. युनिकोड नाही. ग्राफिटीने 'ए' काढायला मधली आडवी रेघ गाळून नुसता उलटा व्ही काढायचा असतो हे शिकलेली मंडळी 'क' मात्र काढू शकत नव्हती. त्यामुळे आईच्या औषधांची यादी रोमन लिपीत, वाण्याची यादी रोमन लिपीत. त्यातला 'टूप' म्हणजे तूप की ट्यूब हे दुकानात गेल्यावर बायकोला फोन करून ठरायचं.

२००० पर्यंत बाजारात इतकी यंत्रं आणि इतकी सॉफ्टवेअर झाली की प्रत्येक जोडीला वेगळा दुभाष्या लागायला लागला. दहा यंत्रं गुणिले दहा सॉफ्टवेअर, करा हिशेब. म्हणून आयबीएम, नोकिया, एरिक्सन, मोटोरोला, लोटस, पाम, सायन, स्टारफिश अशा कंपन्यांनी एकत्र येऊन सिंकएमएल काढलं. पहिली आवृत्ती डिसेंबर २०००. त्यात पामच्याच कल्पना सभ्य कपड्यांत दिसतात: दोघांनीही शेवटच्या भेटीची खूण लक्षात ठेवायची, ती जुळली तर फक्त बदल पाठवायचे, नाही जुळली तर स्लो सिंक. नावसुद्धा तेच! नोकिया आणि सोनी एरिक्सनच्या फोनमध्ये ते होतं. पण आपल्यातल्या बहुतेकांना त्या काळातला सिंक आठवतो तो नोकिया पीसी सूट आणि एक डेटा केबल, जी कधीच पहिल्या झटक्यात ओळखली जायची नाही.

मग २००७. आयफोन आला. पडदा बघून सगळे वेडे झाले (मीही). त्यात नोट्सचं ॲप होतं, पिवळ्या कागदाचं. ते कॉम्प्युटरशी सिंक होत नव्हतं. दोन वर्षं! २००९ च्या जूनमध्ये ३.० आवृत्ती आली तेव्हा झालं. आणि कामांची यादी? ती आयफोनमध्ये नव्हतीच. रिमाइंडर्स आलं २०११ मध्ये, आयओएस ५ बरोबर. १९९६ च्या १२८ केबीच्या यंत्रात जे चार ॲप्लिकेशन्सपैकी एक होतं, ते यायला आयफोनला चार वर्षं लागली. त्यामुळे तंत्रज्ञान नेहमी पुढेच जातं असं कुणी म्हटलं की मी गप्प बसतो.

मधल्या काळात वायर गेली. २००८ च्या जुलैमध्ये ॲपलने मोबाइलमी आणलं: नोंदी वरून सर्व्हरमार्फत आपोआप सगळीकडे पोचणार. सुरुवात इतकी वाईट झाली की स्टीव्ह जॉब्जने कर्मचाऱ्यांना पाठवलेल्या ईमेलमध्ये हे एवढ्या घाईने, बाकी सगळ्याबरोबर एकदम आणायला नको होतं असं कबूल केलं. पण दिशा तीच राहिली. जून २०११ मध्ये आयक्लाउड जाहीर करताना जॉब्जने स्पष्टच सांगितलं की पीसी आणि मॅकला आता खालच्या पायरीवर उतरवून बाकीच्यांसारखंच एक यंत्र करतोय, केंद्र क्लाउडमध्ये जाणार.

म्हणजे दूधवाला आणि आई यांच्यामध्ये तिसरा माणूस आला. खरी वही आता त्याच्याकडे. दोघांनी त्याला विचारायचं. तांत्रिकदृष्ट्या हे खूपच सोपं. स्लो सिंक नको, दोन पीसींचा घोळ नको. माझाही फोन तसाच चालतो आणि बाजारात उभं राहून यादी बघताना मला त्याचा आनंदच होतो. पण तो तिसरा माणूस दुकान बंद करून गेला तर?

गेले की! ॲस्ट्रिड नावाचं कामांच्या यादीचं ॲप होतं. याहूने २०१३ मध्ये विकत घेतलं आणि त्याच वर्षी बंद केलं. बर्लिनच्या मंडळींचं वंडरलिस्ट २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं, मे २०२० मध्ये बंद. त्यांनी निदान नव्या ॲपमध्ये यादी न्यायची सोय दिली. गूगल नोटबुक २०१२ ला गेलं. प्रत्येक वेळी तोच मेल येतो, आपल्यासोबतचा प्रवास किती छान होता वगैरे, आणि खाली बारीक अक्षरात तारीख.

आणि पाम? ती १९९७ मध्ये थ्रीकॉमकडे गेली. १९९८ मध्ये हॉकिन्स, डुबिन्स्की, कॉलिगन बाहेर पडून हँडस्प्रिंग काढून बसले. २००३ मध्ये परत एकत्र आले. जून २००९ मध्ये नवा फोन आला, पाम प्री. सुंदर फोन होता. आणि त्यातून हॉटसिंक काढून टाकलेलं होतं! जुन्या गिऱ्हाइकांना एक छोटा प्रोग्राम दिला, जो पीसीवरची वही उचलून एकदाच, एकाच दिशेने, वर नेऊन ठेवायचा. पुढे पीसीशी संबंध संपला. ज्या कंपनीने दोन वह्यांचा संसार लावून दिला तिनेच काडीमोड घेतला. वर विनोद म्हणजे गाण्यांसाठी प्री हा फोन आयट्यून्सला "मी आयपॉड आहे" असं खोटंच सांगून त्याच्याशी सिंक व्हायचा. ॲपलने महिन्याभरात ते दार बंद केलं, पामने परत उघडलं, परत बंद, असा पोरखेळ काही महिने चालला. एप्रिल २०१० मध्ये एचपीने १.२ बिलियन डॉलरला पाम घ्यायचं ठरवलं आणि ऑगस्ट २०११ मध्ये ती यंत्रं बनवणं थांबवलं.

गेल्या काही वर्षांत वारं थोडं उलटं फिरायला लागलंय. सिंकथिंगसारखी साधनं कुणाच्याही सर्व्हरवर वही न ठेवता थेट तुमच्या दोन यंत्रांमध्ये फायली जुळवतात, आणि दोन्हीकडे बदललेली फाइल दिसली की दोन्ही ठेवतात, एकीच्या नावाला 'कॉन्फ्लिक्ट' जोडून. ओळखीचं वाटलं ना? सीआरडीटी नावाचा गणिती प्रकार २०११ मध्ये नीट मांडला गेला. त्यात नोंदीची रचनाच अशी करतात की बदल कुठल्याही क्रमाने पोचले तरी शेवटी दोन्हीकडे सारखंच दिसावं. 'लोकल-फर्स्ट' म्हणजे खरी प्रत आधी तुमच्या यंत्रावर, या विचारावर २०१९ पासून बरंच लिहिलं गेलंय. आमच्या धंद्यातली तरुण पोरं ते वाचून भारावतात. त्यांना मी सांगतो, एकदा पामचं कॉन्ड्युइट लिहिण्याचं मॅन्युअल वाचा. घड्याळावर विश्वास नको, खोडल्याची खूण ठेवा, शंका आली तर दोन्ही ठेवा, हे सगळं तिथे आहे, आणि ८ बाइटमध्ये बसवलेलं आहे.

जुने पाम अजून चालतात. सीरियल पोर्टवाला पीसी किंवा एखादा अडॅप्टर जुळवला तर लिनक्सवरचा जे-पायलट नावाचा प्रोग्राम त्यांच्याशी मेळ घालतो. फक्त एक अडचण आहे. पामने तारखेतल्या वर्षाला ७ बिट दिले आणि मोजणी १९०४ पासून धरली. ७ बिटांत ० ते १२७. म्हणजे पामवरच्या कामाला शेवटची मुदत देता येते ती ३१ डिसेंबर २०३१. त्याच्या पुढचं काम कालनिर्णयवर लिहायचं.